राखून ठेवलेला डाव

‘वस्ताद सर्व डाव शिकवितो, एक मात्र राखून ठेवितो,’ असे आखाड्यात म्हणतात. हे धर्म्य आहे काय? कुस्तीपूर्वी प्रतिस्पर्ध्यापासून डाव झाकणे अधर्म नव्हे. परंतु शिष्य उद्या आपणांसच चीत करील, या भयाने तो लपविणे ही कृपणता होय. दिल्लीत गुरु हनुमानांपाशी शिकलेल्या सतपालांनी १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पुढे छत्रसाल क्रीडांगणात त्यांनी ती विद्या मुलांस दिली. तेथील रवि दहियांनी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक जिंकले.

भगवंतांनी गीतोपदेशास गुह्य म्हटले, तरी श्रद्धावान अर्जुनापासून काही राखिले नाही. गुह्यता विद्येच्या रक्षणासाठी असते, आपल्या मोठेपणाच्या रक्षणासाठी नव्हे. व्यवसायातील मर्म पुत्रापासून झाकणाऱ्या गृहस्थाने हा भेद अंतःकरणात तपासावा.