वहीवरचे कुंकू

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बीडच्या पेठेतून चालत गेले, की दुकानादुकानांतून एकच दृश्य दिसते: चौरंगावर नवी कोरी लाल वही उघडून ठेवलेली, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने रेखलेले स्वस्तिक, वर 'श्री', दोन बाजूंस 'शुभ' आणि 'लाभ', आणि शेजारी लाह्या, बत्तासे व धने. अलीकडे संगणकालाही हळदकुंकू लागते, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. कारण पूजा कागदाची नसून हिशेबाची, म्हणजे माणसामाणसांतील देण्याघेण्याच्या सत्याची असते. परंतु ज्या पेढीवर ही वही पुजली जाते, तिच्याच गल्ल्याखाली दुसरी एक वही असते, जिच्यात कच्च्या पावत्यांच्या रकमा टिपल्या जातात आणि जिला कुंकवाचे बोट कधीही लागत नाही, तेव्हा देवीसमोर आपण नेमके काय ठेवले, हा प्रश्न आयकर खात्याचा राहत नाही, तो धर्माचा होतो.

या प्रश्नाला सध्या विशेष धार आली आहे, कारण कायदाच बदलला आहे. 1961 चा आयकर अधिनियम जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा अधिनियम अंमलात आला, ज्यात मागील वर्ष आणि करनिर्धारण वर्ष हा जुना घोळ संपून एकच 'कर वर्ष' उरले; त्याआधीच नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर द्यावा लागू नये अशी तरतूद झाली होती; आणि 22 सप्टेंबर 2025 रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः पाच आणि अठरा हेच दर राहिले. ट्रॅक्टर बारावरून पाचावर आला. अंगाचा साबण, केसांचे तेल, बिस्किटे अठरावरून पाचावर आली. माझ्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्याने त्या सुमारास मला विचारले, की काल ज्या साबणावर शेकडा अठरा सरकारचे होते, त्यावर आज पाचच असतील, तर यांतले खरे देणे कोणते? आणि जे एका बैठकीत बदलते, ते चुकविले तर पाप कसे?

प्रश्न मला प्रामाणिक वाटला. त्याचे उत्तर असे दिसते, की दर हा कधीही शाश्वत धर्म मानला गेला नव्हता. मनुस्मृतीने राजभाग धान्याचा सहावा, आठवा किंवा बारावा सांगितला आणि आपत्काळी चौथ्या भागापर्यंतही मुभा दिली. म्हणजे प्रमाण हा व्यवहाराचा भाग; तो काळ आणि जमीन पाहून ठरावयाचा. मात्र त्याच ग्रंथाने प्रजेचे रक्षण न करता षड्भाग घेणाऱ्या राजाच्या माथी प्रजेचे सगळे पातक मारले आहे. बदलतो तो आकडा. घेणाऱ्याने कशासाठी घ्यावे, हे बदलत नाही. म्हणून देणाऱ्याचे कर्तव्य सांगणाऱ्याने घेणाऱ्याचे कर्तव्य त्याच दमात सांगितले पाहिजे.

हे आपल्या जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. आंबेजोगाईस ज्यांची समाधी आहे आणि ज्यांची चाळीस फूट लांबीची पासोडी तेथे जतन केलेली आहे, त्या दासोपंतांची आख्यायिका मुळात वसुलीचीच आख्यायिका आहे. त्यांचे वडील दिगंबरपंत बेदरच्या बादशाहीतील महसुली अंमलदार. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटले, सारा थकला, आणि बाकीपोटी बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले. मुदत भरत आली तेव्हा दत्ताजी पाडेवार नावाचा एक अनोळखी मनुष्य दरबारात येऊन सगळी थकबाकी चुकती करून गेला, आणि तो प्रत्यक्ष दत्तात्रेयच होता, अशी श्रद्धा आहे. कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरतो की नाही याचा खल मला करावयाचा नाही. लोकांनी ती शतकानुशतके का सांगितली, हे मला महत्त्वाचे वाटते. तिच्यात देवाने बादशहाला हिसका दाखवला नाही आणि बाकीही माफ करविली नाही. पै न् पै मोजून दिली. सरकारचा हक्क खरा, परंतु कोठारातील धान्यावर भुकेल्याचा हक्क त्याहून आधीचा, ही दोन्ही सत्ये एकाच वेळी पाळावयाची तर मधली तूट कोणीतरी भरावी लागते.

ती तूट मनुष्यांनीच भरल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला पैसा हवा होता, तेव्हा 1975 साली व्यवसाय कर बसला. 1977 च्या रोजगार हमी अधिनियमाने त्याचे उत्पन्न या कामाच्या निधीत वळते केले आणि शासनाने तेवढीच भर घालावी असे ठरविले. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून महिन्याला कापले जाणारे थोडके रुपये मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावाची माती वाहणाऱ्या बायांच्या मजुरीत उतरत होते. ना त्याला तिचे नाव ठाऊक, ना तिला त्याचे. दत्ताजी पाडेवाराला याहून निराळे रूप काय असते?

म्हणून कच्च्या पावतीचा विषय निघाला, की मला शिक्षेची भीती घालावीशी वाटत नाही. वस्तू व सेवा कर तर दुकानदाराच्या खिशातला नव्हेच. गिऱ्हाइकाने किमतीत मिसळून त्याच्या हाती ठेवलेली ती अमानत आहे, आणि ती गिळणे ही काटकसर नसून अमानतीत खयानत आहे. आपल्या आडत बाजारात एके काळी शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाईच्या बरोबरीने 'धर्मादाय' कापला जाई, आणि तो देवळासाठी, पाणपोईसाठी म्हणून निमूट सोसला जाई. शाळेच्या आणि दवाखान्याच्या पैशाला मात्र आपण धर्म म्हणावयास का कचरतो, हे मला उमजत नाही. ते पैसे तिकडे पोचतच नाहीत, असे कोणी म्हणेल, आणि पुष्कळदा ते खरेही असते. त्यासाठी भांडावे, हिशेब मागावा, ग्रामसभेत उभे राहावे. पण तो हिशेब ताठ मानेने मागावयाचा तर आपली वही एकच असली पाहिजे.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघण्याच्या बेतात असताना, मी त्याच किराणा दुकानात बसलो होतो. कोयत्यावर निघालेली एक वयस्क बाई मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून सहा महिन्यांचे सामान घेत होती. साबणाच्या पुड्यावर जुनी, करासह 118 रुपयांची किंमत छापलेली होती, आणि तिने ती दुसऱ्याकडून वाचून घेऊन तेवढेच पैसे मोजून पुढे ठेवले होते. दुकानदाराने पेन काढले, छापील आकड्यावर रेघ मारून 105 लिहिले, आणि तेरा रुपये तिच्याकडे परत सरकवले. तिने ते लगेच उचलले नाहीत.

"चुकून जास्त मोजलं व्हय?"

"न्हाई मावशी. सरकारनं कर कमी केलाय. तुमचेच हायेत."