टोल कशाचा?

फारसीत ‘पुल’ म्हणजे सेतू. लिहिताना मध्ये एक ‘वाव’ घातला, की त्याचा अर्थ होतो पैसा. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मला मात्र शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू आठवतो.

२१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४मध्ये खुला झाला, तेव्हा मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये होता. जो वापरील त्याने खर्च उचलावा, हे रास्तच आहे. मोटारसायकल आणि रिक्षाला तिथे मज्जाव आहे. सुरक्षेसाठी तेही एकवेळ मान्य करू.

पण पूल कुठेतरी उतरतो. टोल भरणाऱ्याने पुलावरचा वेळ विकत घेतला. शिवडीच्या बाजूला उतरल्यावर त्याची गाडी ज्या रस्त्यांवर येते, ते सर्वांचे आहेत. तिथे हातगाडीवाला आहे, बसमधला मुसाफिर आहे, रस्ता ओलांडू पाहणारी म्हातारी आहे. गर्दी वाढली की यांचाही वेळ जातो, आणि तो कुणी विकत घेतलेला नसतो. पावतीत सिमेंट-लोखंडाचा हिशेब येतो, या खोळंब्याचा येत नाही. याला इन्साफ कसे म्हणावे?

ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. मोटारवाले खूश झाले. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला माफ होण्याजोगे काही नव्हतेच!

एका माणसाची मोटार आणि पन्नास माणसांची बस एकाच सिग्नलला खोळंबली, तर आधी वाट कुणाला द्यायची? आपल्याकडे अजून गाड्याच मोजतात.