धोंडू आणि धोंडो

गेल्या माघात आमच्या घरी नातवाचे बारसे झाले. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या आणि बाळाला पाळण्याखालून व वरून एकमेकींच्या हाती देताना रीतीप्रमाणे त्यांनी गोविंदाचे नाव घेतले, गोपाळाचे नाव घेतले. मग माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, पुढे वाकली. तिने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितले आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालून आपली हौस भागवून घेतली. नाव ठेवले अर्णव. पेढे वाटले, घुगऱ्या वाटल्या. मी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एका गोष्टीचा विचार करीत होतो. ज्या गोविंद-गोपाळांना हाक मारल्यावाचून आपले बारसे पुरे होत नाही, ती नावे त्या पाळण्यात आता क्वचितच कुणी ठेवते!

हा विचार अगदीच निर्हेतुक नव्हता. महिन्याभरापूर्वी मीच सूनबाईला ‘गोविंद’ हे नाव सुचविले होते. ती बिचारी भिडस्त. पण मुलाचा प्रश्न आल्यावर कुठली आई भिडस्त राहते?

“नाव छान आहे, बाबा,” ती म्हणाली, “पण शाळेत एकटा पडेल हो तो.”

“आणि अर्णव? ते तर एकेका वर्गात चार असतील!”

“असू देत की. चौघांत मिसळून जाईल.”

मी गप्प बसलो. माझ्या मते तो वाद तिने तिथेच जिंकला होता; फक्त तिचे म्हणणे मला पुरते उमगायला आणखी काही दिवस लागले.

आता आमच्या घराचीच गंमत सांगतो. माझे नाव रत्नाकर. मुलाचे नाव सागर. नातू अर्णव. शब्दकोश उघडून पाहा. तिन्हींचा अर्थ एकच, समुद्र! तीन पिढ्या आम्ही एकच वस्तू मुलांना देत आलो. आणि तरीही आज कुणी आपल्या मुलाचे नाव रत्नाकर ठेवले तर लोक विचारतील, ‘आजोबांचे नाव चालविलेत वाटते?’ नावाच्या अर्थावरूनच आपण नाव निवडतो, असे प्रत्येक आईबाप छातीवर हात ठेवून सांगतात. ते खरे असते, तर समुद्राने असे काय केले होते की त्याला दर तीस-चाळीस वर्षांनी नवे नाव घ्यावे लागावे?

माझ्या बरोबरीच्या मुलांची नावे आठवतो: दिनकर, प्रभाकर, भास्कर, सुधाकर, मधुकर, पद्माकर. व्याकरणाच्या शास्त्रीबुवांना विचारले, तर ते सांगतील की ‘दिनकर’ म्हणजे दिवस करणारा आणि ‘रत्नाकर’ म्हणजे रत्नांची खाण. पहिल्यात ‘कर’ आहे, दुसऱ्यात ‘आकर’. दोघांचा काही संबंध नाही. पण कानाला शास्त्रीबुवांची पर्वा नसते. कानाने ही सारी नावे एका माळेत ओवली. ती एकदम चढली आणि एकदम उतरली. आज ‘कर’ गेला आणि ‘व’ आला आहे: अर्णव, आरव, अथर्व. एक समुद्र, एक आवाज आणि एक वेदाशी जोडलेले नाव. अर्थाने एकमेकांना न ओळखणारी ही मुले ध्वनीने सख्खी भावंडे झाली आहेत. स्टॅन्ली लीबरसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००० साली नावांच्या आवडीनिवडीवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. नाव ठेवणे हे रूढीकडून आवडीकडे आले की तिथे फॅशनचे राज्य सुरू होते, आणि त्या राज्याला बाहेरच्या घडामोडींची फारशी गरज लागत नाही, असे त्याचे सांगणे आहे. लुगड्यांचे काठ बदलावेत, तशी नावांची शेवटची अक्षरे बदलतात.

यावर कुणी म्हणेल, थोर माणसांमुळे नावे पसरतात त्याचे काय? पसरतात खरी, पण दरवेळी नाही. सचिन तेंडुलकर यांचा जन्म १९७३ चा. त्यांच्या वडिलांनी, कवी रमेश तेंडुलकर यांनी, संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून मुलाचे नाव ठेवले. सुरांवरच्या प्रेमातून एक बंगाली नाव मुंबईच्या मराठी घरात आले आणि पुढे साऱ्या देशाच्या तोंडी झाले. तेंडुलकरांना २०१४ मध्ये भारतरत्न मिळाले. त्याच पदवीने १९५८ साली महर्षी कर्व्यांचा गौरव झाला होता. ते १०४ वर्षे जगले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. किती घरांतल्या लेकीसुना त्यांच्या पुण्याईने शिकल्या! पण त्यांच्यावरून ‘धोंडो’ हे नाव ठेवलेले एकही मूल माझ्या पाहण्यात नाही. कृतज्ञता अपार होती; नाव मात्र पाळण्याबाहेरच राहिले. थोर माणूस शिडात वारा भरू शकतो. पण आधी ते होडके पाण्यात असावे लागते.

‘धोंडो’ या नावाशी माझा जरा निकटचा संबंध आहे. माझ्या वडिलांचे नाव धोंडू. आजीची दोन मुले वर्षाचीही झाली नव्हती, तोच गेली. तिसऱ्या खेपेला ती कुणाचे ऐकेना. ना पंचांग पाहिले, ना नक्षत्राचे अक्षर. म्हणाली, “चांगली नावं ठेवून पाहिली. आता धोंडा म्हणा याला. धोंडा कोण उचलून नेतो?” जुन्या काळी दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे घरोघर अशीच जन्माला आली. काळाची नजर वळू नये, आपल्या घरात नेण्याजोगे काही आहे हे त्याला कळू नये, म्हणून आईने आपल्या लाडाच्या तोंडावर स्वतःच्या हाताने काजळ फासले. १९५१ च्या सुमारासदेखील आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे १४६ मुले वर्षाच्या आत जात. माझे वडील जन्मले तो काळ त्याहूनही वाईट. आज हा आकडा तिसांच्या खाली आला आहे. देवीची लस, गोवराची लस, स्वच्छ पाणी, शिकलेली आई यांनी तो खाली आणला. आणि त्याबरोबर धोंडूही पाळण्यातून उठून गेला. त्याचे काम संपले होते.

पण सगळीच ओबडधोबड नावे मायेतून आली, असे म्हटले तर तो खोटेपणा होईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम दिला आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंद्य. म्हणजे आजीने एका दुःखापायी जी निवड आपण होऊन टाकली, ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला कधी येऊच दिली गेली नव्हती. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला तो ग्रंथ जाळला गेला. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईत महाविद्यालय काढले त्याचे नाव सिद्धार्थ, आणि औरंगाबादेच्या महाविद्यालयाला नाव मिळाले मिलिंद. १९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद ही नावे वस्त्यावस्त्यांतल्या पाळण्यांत आली. त्या आईबापांना ती नुसती गोड लागली म्हणून त्यांनी ठेवली नाहीत. आपल्या मुलाचे नाव आपण ठेवू, हे त्यांना जगाला सांगायचे होते. सुंदर नाव निवडण्याची मोकळीक ही आपल्याला उगाच क्षुल्लक वाटते. ती कुणी मरणाशी झगडून मिळवली आहे, कुणी माणसांशी.

वडिलांची गोष्ट अर्धी राहिली. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मुले त्यांना ‘धोंड्या’ म्हणत, आणि पुढचे जे काही म्हणत ते लिहिण्याजोगे नाही. एके दिवशी ते रडत घरी निघाले, तेव्हा मास्तरांनी त्यांना थांबविले. हजेरीचे पुस्तक उघडले, ‘धोंडू’ खोडले आणि स्वच्छ अक्षरात ‘धोंडो’ लिहिले. म्हणाले, “पलीकडे मुरूड आहे ना, तिथल्या कर्व्यांचं हेच नाव. त्यांना कोण हसतो ते मला आणून दाखव.” एका मात्रेचा फरक! पण वडील सांगत की त्या दिवशी घरी जाताना त्यांनी वाटेतल्या धोंड्यांना ठेच मारली नाही.

थोरांच्या नावाने नाव पसरतेच असे नाही, हे मी वर म्हटले. पण ते नाव आधीच वाहणाऱ्या एखाद्या पोराची मान त्यांच्यामुळे ताठ होते. कुठले नाव चालेल हे वाऱ्याच्या हाती असते. चाललेल्या वा न चाललेल्या नावाला प्रतिष्ठा द्यावी की नाही, एवढेच माणसांच्या हाती असते. म्हणून जुन्या नावाला हसणारी मुले मला जशी आवडत नाहीत, तसे नव्या नावांवर नाक मुरडणारे माझ्या वयाचे लोकही आवडेनासे झाले आहेत. आजीला मूल जगावे एवढेच हवे होते. सुनेला ते चौघांत मिसळावे असे वाटते. पहिली काळजी मिटते तेव्हाच दुसरीला घरात जागा होते. आणि दोन्ही काळज्या एकाच मायेच्या.

बारशाच्या रात्री पाहुणे पांगले. सूनबाई पाळण्याची दोरी हातात धरून बसली होती. मला पाहून म्हणाली, “बाबा, रागावला नाहीत ना? पण तुम्ही गोविंदच का सुचवलं होतंत?”

“अण्णांच्या आधी दोन मुलं गेली होती ना, त्यांतल्या पहिल्याचं ते नाव.”

“आणि दुसऱ्याचं?”

“गोपाळ.”

तिने दोरी थांबविली. थोडा वेळ पाळण्यात पाहिले.

“म्हणजे आज सगळ्यांनी त्यांची नावं घेतलीच की,” ती म्हणाली, आणि अर्णवच्या अंगावरचे दुपटे नीट केले.