तळ्याकडे निघण्याआधी

महाड-पोलादपूरकडे एक शिरस्ता आता चांगलाच रुळला आहे. हरिनाम सप्ताहाची सांगता असो, उरूस असो की जयंती, सत्कार-समारंभ आटोपले की व्यासपीठावरून एक वाक्य येतंच : आमच्या स्थानिक तरुणांना एमआयडीसीत नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत. टाळ्या पडतात. मग देवस्थान असेल तर देवस्थानची, जमात असेल तर जमातीची, मंडळ असेल तर मंडळाची, अशी आपापल्या पोरांची यादी कुणा पुढाऱ्याच्या हातून ठेकेदाराकडे पोचते. मागणीत गैर काहीच नाही. बिरवाडीच्या कारखान्यांचा वास ज्यांच्या अंगणात येतो, त्यांच्या मुलांना तिथे निदान दाराशी उभं राहू द्यावं. खटकतं ते पुढचं वाक्य. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ही तर महाडचीच परंपरा!’

महाडची परंपरा नेमकी याच्या उलट आहे.

आपल्या धर्माच्या, आपल्या पंथाच्या मुलांसाठी शाळा काढावी, शिष्यवृत्ती द्यावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात सगळीकडे उगवली. 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लाम निघाली, पाठोपाठ कोकणातल्या बेने इस्रायलांनी मुंबईत शाळा काढली. मिशनऱ्यांच्या आणि फुल्यांच्या शाळा त्याआधीच्या. यावर कुणाचा वाद नाही. माझा मुद्दा महाड तालुक्यातल्या रावढळच्या एका निवृत्त लष्करी माणसापासून सुरू होतो.

गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये फौजेतून निवृत्त झाले, दापोलीला राहिले, ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. त्याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ही बंदी पोटावर होती, आणि पोटाहून अधिक शिक्षणावर. कोकणातल्या अस्पृश्यांच्या दोन पिढ्यांना अक्षरओळख झाली ती पलटणीच्या शाळांत, आणि दापोलीतली पेन्शनरांची वस्ती त्याचंच फळ. 1894 मध्ये वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. त्यातला युक्तिवाद वंशाचा आहे : आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात मेलेल्या जनावराचं मांस खावं लागलं म्हणून खाली ढकलले गेलो, आमच्या पूर्वजांनी इमानाने चाकरी केली, तेव्हा आमच्या मुलांना घ्या. त्या काळात दुसरा युक्तिवाद सरकारदरबारी चाललाही नसता. वलंगकरांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा शेजारी बसायला सवर्ण सभासदांनी हरकत घेतली होती. अशा माणसाने पूर्वजांचा आधार घेतला, तर त्याला नावं कोण ठेवणार?

यानंतरचा बदल मात्र सगळेच चुकीचा वाचतात. समज असा की वलंगकरांच्या काळात मागणी नोकरीची होती, 1927 मध्ये महाडला ती पाण्याची आणि माणुसकीची झाली. पोटाचा प्रश्न मागे पडला, मानाचा पुढे आला. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर होणाऱ्या भाषणांतही हेच ऐकू येतं. कारण आपण वीस मार्चचं तळं लक्षात ठेवतो आणि ज्या परिषदेतून लोक तळ्याकडे निघाले ती परिषद विसरतो.

ती होती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, 19 आणि 20 मार्च 1927 ची. तिच्यासाठी धडपडणाऱ्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना दार लावलं होतं; वर्तमानपत्रातून दाद मागितल्यावर प्रवेश मिळाला, तोही वेगळं बसण्याच्या अटीवर. स्थानिक तरुणाची संधी म्हणजे काय, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी लष्करभरतीचा विषय काढला, दापोलीचे जुने दिवस आठवले, आणि मुलांची स्थिती आपल्यापेक्षा बरी व्हावी असं ज्या आईबापांना वाटत नाही त्यांच्यात आणि जनावरांत फरक काय, असं विचारलं. मग महारकी सोडा, मेलेली गुरं ओढणं सोडा, शेतीसाठी जंगलजमिनी मागा, असं सांगितलं.

महारकी सोडा, याचा अर्थ नीट पाहायला हवा. गावात महारापेक्षा स्थानिक कोण होता? शिवेच्या तंट्यात साक्ष त्याची. पिढ्यानपिढ्यांचं वतन, गावाशी बांधलेली नाळ. आजच्या भाषेत तो अस्सल भूमिपुत्र. आणि त्याच वतनाने त्याच्या पोराला जन्मतः वेठीला जुंपलेलं होतं. आंबेडकरांनी ‘आम्ही इथले, म्हणून आम्हाला द्या’ असं म्हटलं नाही. इथलेपणाचा तो कागद फेकून द्या म्हणाले, आणि पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्याच 1928 मध्ये, गिरणी संपाच्या वेळी, विणकाम खात्याचं दार अस्पृश्य कामगारांना उघडा अशी मागणी त्यांनी रेटली. महाड-पोलादपूरचे कितीतरी लोक गिरणगावात होते; जास्त मजुरीचा साचा कुणाला आणि कमी मजुरीचं खातं कुणाला, हे त्यांच्या घरात रोज कळत होतं.

परिषदेच्या ठरावांत आणखी एक गोष्ट आहे. सरकारकडे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची आणि वसतिगृहांना मदतीची मागणी आहेच. शिवाय सवर्ण हिंदूंना सांगितलं आहे की अस्पृश्यांना नोकऱ्या द्या, त्यांच्या विद्यार्थ्यांना जेवण द्या. मागणी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर नेली, कारण तळं नगरपालिकेचं, शाळा सरकारी अनुदानाची, पलटण सगळ्यांच्या कराची. जे सार्वजनिक आहे त्यावर पूर्वजांची साक्ष लागत नाही. पाण्याचा आणि नोकरीचा हक्क एकाच मुळाचा, म्हणून लोक परिषदेतून उठून तळ्याचं पाणी प्यायला गेले.

विरोधकांनी धर्म पुढे केला. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून लोकांवर हल्ला झाला. उलट मार खाणाऱ्यांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, आणि 1927 च्याच डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी दिली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही आंबेडकरांच्या सवर्ण सहकाऱ्यांची नावं वाचकांना ठाऊक आहेत. प्रत्येकजण आपल्या यादीबाहेरच्या पोरांसाठी उभा राहिला होता.

सवर्णांनी आंबेडकरांवर लावलेला तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. फिर्यादींचं म्हणणं थोडक्यात असं की पूर्वापार वहिवाट आमची, आम्ही इथले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही असं सांगून दावा फेटाळला. आज मंडपात टाळ्या घेणारा युक्तिवाद त्या खटल्यात फिर्यादींच्या बाजूचा होता.

1956 नंतर महार समाज बौद्ध झाला, आणि एका धर्माने आपल्या तरुणांसाठी मागणं म्हणजे काय याची खरी कसोटी लागली. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती तेव्हा हिंदू आणि शीख यांच्यापुरत्या होत्या. धम्म घेतला की केंद्राच्या नोकरीचा रकाना बंद. महाराष्ट्राने 1960 मध्ये आपल्यापुरतं दार उघडलं. केंद्राला 1990 उजाडलं. मधल्या काळात पोस्टाचा किंवा रेल्वेचा अर्ज भरताना एखाद्या बुद्धवाडीतल्या पोराने विहारातला धर्म लिहायचा की नोकरीतला? तरीही मागणी ‘बौद्ध म्हणून द्या’ अशी नव्हती. धर्म बदलल्याने गावाने केलेला अन्याय बदलत नाही, एवढंच म्हणणं होतं. (हेच दलित ख्रिश्चन आणि मुसलमान आजही म्हणतात, आणि त्यांना कुणाच्याच मंडपात टाळ्या मिळत नाहीत.) पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडला काढलेल्या कॉलेजात तालुक्यातल्या सगळ्या वाड्यांची मुलं शिकली, ती याच समजुतीतून.

आता एमआयडीसीचं. राज्याचं धोरण स्थानिकांना कारखान्यात ऐंशी टक्के जागा द्या म्हणतं, पण त्यातला स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कुणीही. पोलादपूरचा आणि परभणीचा मुलगा त्यात सारखाच. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत पंचाहत्तर टक्क्यांचा कायदा केला, तो 2023 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणजे व्यासपीठावरची घोषणा कायद्याने फारशी पुढे जात नाही, आणि यादी पुढे जाते ती ठेकेदारीच्या नोकरीपर्यंत. देवस्थान, जमात आणि विहार यांनी एकत्र बसून आयटीआयमधल्या तुकड्या, शिकाऊ उमेदवारांची जाहीर नोंद, डोंगरातल्या वाड्यांना कॉलेजच्या वेळेची एसटी असं काही मागितलं, तर त्यात कुणाच्या नावाची यादी लागणार नाही. म्हणूनच ते कुणी मागत नाही, अशी माझी शंका आहे.

आणि इथलेपणाच हवा असेल, तर तोही शेवटपर्यंत न्यावा. या डोंगरांत सगळ्यांच्या आधीचा कातकरी. दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीला किंवा कोळसा पाडायला निघून जातात, शाळेतली मुलंही सोबत. त्याच्या मागे ना देवस्थानचा ट्रस्ट, ना मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ, ना आखातातून येणारा पैसा. पुढच्या सप्ताहात किंवा उरुसात यादी वाचली जाईल तेव्हा त्यात त्याच्या पोराचं नाव कितवं आहे, हे व्यासपीठावरच विचारावं.