पराभव कोणाच्या नावावर?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रो कबड्डीचे दहावे पर्व जिंकले. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकलेला आणि फक्त दोन हरलेला हा संघ होता. त्या यशात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचा वाटा मोठा होता. पर्वातला सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबरला, तेही पुण्याच्या बालेवाडीत, हरियाणाने अकरावे पर्व जिंकले. पलटण त्या वर्षी पहिल्या सहा संघांतही नव्हती. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी पलटणच्या आधी, २०१९ मध्ये, बंगाल वॉरियर्सला विजेते केले होते आणि २०२५ मध्ये तेही बंगळुरूच्या संघाकडे गेले. खेळाडू जातात, प्रशिक्षक जातात, मालकी तर कागदावरचाच व्यवहार. मग मार्चमध्ये जिंकलेला आणि डिसेंबरमध्ये मागे पडलेला संघ एकच, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

हा प्रश्न फार जुना आहे. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेमुळे शास्त्रचर्चा ज्या वाईच्या अंगवळणी पडली, तिथे तो नवा वाटणार नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतात की चाक, आस, जू यांपैकी रथ नेमका कोणता, आणि दाखवून देतात की रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले सोयीचे नाव आहे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खराच असतो, म्हणून तर आपण धागे न म्हणता वस्त्र म्हणतो. संघाच्या बाबतीत मला नैयायिकांची बाजू जवळची वाटते, पण त्यांच्या कारणाने नव्हे. धाग्यांपासून वेगळे वस्त्र आहे की नाही हा वाद अजून चालू राहील. संघ मात्र कशामुळे टिकतो याचे उत्तर कबड्डीनेच आपल्या नियमांत देऊन ठेवले आहे.

कबड्डीचे संजीवनी, गमनी आणि अमर असे तीन जुने प्रकार. आज जगभर खेळला जातो तो संजीवनीचा वारसा: आपला गडी बाद झाला तर बाहेर बसतो आणि समोरचा गडी टिपला की परत जिवंत होतो. सातही गडी बाद झाले की लोण चढतो. त्या क्षणी मैदानाच्या त्या अर्ध्या भागात कोणीही उरलेले नसते. संघ म्हणजे गड्यांची बेरीज एवढेच असते, तर खेळ तिथेच संपायला हवा होता. होते ते वेगळेच. प्रतिस्पर्ध्याला दोन गुण जास्तीचे मिळतात आणि सातही जण पुन्हा आत येतात. त्या रिकाम्या क्षणी ते दोन गुण कोणावर चढतात? ज्यावर चढतात, तोच संघ. हैदराबादच्या अंतिम सामन्यात पलटणच्या पंकज मोहितेच्या एका चढाईने चार गुण मिळवले आणि थोड्याच वेळात हरियाणावर लोण चढला. अवघ्या तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यात हरियाणाला ते ओझे शेवटपर्यंत वाहावे लागले. संघाचे एकत्व असे देण्यात असते: जो मागचे देणे आपले म्हणून पुढे नेतो, तो तोच संघ.

याचा पडताळा पुण्यातच मिळतो. २१ मे २०१७ रोजी, हैदराबादलाच, आयपीएलच्या अंतिम सामन्यात रायझिंग पुणे सुपरजायंट मुंबईकडून एका धावेने हरला. दोन वर्षांच्या कराराने आलेला तो संघ त्यानंतर उरलाच नाही. त्याआधीचा पुणे वॉरियर्सही तीन हंगामांत संपला होता. गाव एकच, खेळ एकच, तरी या दोघांना कोणी एक संघ मानत नाही, कारण एकाची हार दुसऱ्याने कधी अंगावर घेतली नाही. ती एक धाव आज कोणाच्याच खात्यावर नाही. पलटणचे तसे नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये हा संघ तळाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून चार गुणांनी हरला आणि पुढच्याच पर्वात ते फेडले. बास्केटबॉलमध्ये सिएटल सुपरसॉनिक्सने १९७९ साली एनबीए जिंकली. २००८ मध्ये मालकाने संघ ओक्लाहोमा सिटीला नेला, तेव्हा नाव आणि रंग सिएटललाच राहिले. कागदोपत्री वारसा अखंड आहे. पण ओक्लाहोमाने २०२५ साली विजेतेपद मिळवले तेव्हा सिएटलकरांना आपले काही फिटले असे वाटले असेल, हे मला पटत नाही.

बौद्ध विचारवंत म्हणेल, देणे पुढे जायला अवयवी कशाला हवा, प्रवाह पुरे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा आधारही ‘मिलिंदप्रश्ना’तच सापडतो. आंबे चोरणारा म्हणतो, झाडाच्या मालकाने लावलेली कोय वेगळी, मी चोरले ते आंबे वेगळे. नागसेनांच्या मते तरीही तो अपराधीच. मी हे मान्य करतो. पण मग वादाचा निम्मा भाग मिटतो, कारण जबाबदारी अखंड असली तर एकत्वासाठी त्याहून जास्त काही लागत नाही. वाईतच पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. १९९४ मध्ये ते गेले, मे. पुं. रेगे आले, पुढे आणखी संपादक आले. लेखक बदलले, विद्याशाखांचे ज्ञान बदलले. तरी तो एकच विश्वकोश आहे, कारण जुन्या खंडातली चूक दुरुस्त करण्याचे काम नव्या संपादकाच्याच माथी येते. आपल्या परंपरेने माणसाला जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानले, त्यामागे हीच समज असावी. परंपरेत आपण येतो ते तिचे घेणेकरी म्हणून नव्हे.

आणखी एक आक्षेप अधिक रोखठोक आहे. हा धंदा आहे. लिलावात २ कोटी ३५ लाखांना शादलू विकत घेणारा मालक कसले ऋण फेडतो, आणि खुर्चीवर बसून सामना पाहणारा ‘आम्ही जिंकलो’ कोणत्या हक्काने म्हणतो? मालकाच्या हेतूबद्दल मी बोलणार नाही. पण अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते हे पलटणमध्ये नवोदित म्हणूनच आले आणि इथेच मोठे झाले; अस्लमने कर्णधार म्हणून चषक उचलला. नवोदितांवर वर्षानुवर्षे खर्च करणे म्हणजे उद्याच्या संघाशी आजच बांधून घेणे. प्रेक्षकाचा हक्कही तसाच कमावलेला असतो. तळाच्या दोन वर्षांत ज्याने ‘आम्ही हरलो’ म्हटले, त्याला २०२४ मध्ये ‘आम्ही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्याने ते म्हटले नाही, त्याचा आनंद खरा असेल, पण तो विजय त्याचा नाही.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने पलटणला अंतिम सामन्यात ३१-२८ असे हरवले. शादलू तेव्हा गुजरातच्या संघात होता. ते तीन गुण त्याच्या नावावर नाहीत, पलटणच्या नावावर आहेत.