न फुटलेला बांध

वसईच्या खाडीकडे उतरत जाणारी शेते जिथे संपतात तिथे मातीचा खारबांध असतो. एका अंगाला भरतीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भात. मध्ये कुठे तरी भरतीला मिटणारी आणि ओहोटीला पावसाचे पाणी सोडून देणारी उघाडी. बांध टिकला त्या वर्षी त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. पीक चांगले आले तर नाव पावसाचे होते, बियाण्याचे होते, कष्टांचे होते. आणि एखाद्या उधाणात बांध फुटला की मात्र पुढची कित्येक वर्षे माणसे त्या सालाने काळ मोजतात. जे घडू दिले नाही त्याची नोंद ठेवायला माणसाच्या स्मृतीजवळ जागाच नसावी, असे त्या बांधावर उभे राहिले की मला वाटते.

याच विचाराने मला एका फुटबॉल प्रशिक्षकाकडे नेले. आमच्या भागात फुटबॉल चर्चच्या मैदानांवर, पावसाच्या चिखलात वाढलेला खेळ आहे आणि ज्याला तो मोठ्या मैदानावर पाहायचा असतो तो विरारची लोकल धरून चर्चगेटला उतरतो, कूपरेजपर्यंत चालत जातो. तिथे मुंबई एफसी खेळत असे. हा क्लब 2007 साली स्थापन झाला आणि 2009 पासून 2016 पर्यंत खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. या सात वर्षांत विजेतेपद एकही नाही. खेळही डोळ्यांना सुखावणारा नव्हता. बचाव घट्ट, चेंडू दूर, एका गोलाच्या आधाराने नव्वद मिनिटे काढायची. पण थोड्या पैशांतला हा संघ दर हंगामाच्या शेवटी आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकून असे. टिकणे हेच त्याचे काम होते आणि ते काम इतक्या नियमाने होत गेले की ते कोणी तरी करते आहे, हेच हळूहळू दिसेनासे झाले. सवयीइतके गाढ विस्मरण दुसरे नाही.

2016 मध्ये क्लब आणि प्रशिक्षक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नव्या हंगामासाठी संतोष कश्यप आले. हंगाम सरत असताना त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले. दोघेही जाणते प्रशिक्षक, आणि उणेपण त्यांच्यात होते असे मी म्हणणार नाही. फुटू लागलेल्या बांधावर कोणालाही उभे केले तरी पाणी थांबत नाही. मुंबई एफसी तळाला गेला आणि लीगमधून बाहेर पडला. त्याच हंगामात खालिद जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीत होते. तो संघ आदल्याच वर्षी लीगमधून खाली घसरला होता आणि त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबई एफसीतून गेलेले खेळाडूही तिथे होते. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजोंग संघाशी 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता झाला. ईशान्येकडे राष्ट्रीय लीगचे विजेतेपद त्याआधी कधीच गेले नव्हते. दोन संघांचे भाग्य एकाच ऋतूत असे परस्परविरुद्ध दिशांना गेलेले पाहिले की नेमणूक या कोरड्या शब्दात केवढे दैव दडलेले असते याचा थरकाप होतो.

महाभारताच्या उद्योगपर्वात पांडवांचा सेनापती निवडण्याचा प्रसंग आहे. सहदेव विराटाचे नाव सुचवतो, नकुल द्रुपदाचे, अर्जुन धृष्टद्युम्नाचे, भीम शिखंडीचे. भाऊ चार, नावेही चार. आणि तरीही निर्णय झाल्यावर अठरा दिवस धृष्टद्युम्नाचे पद कोणी हलवले नाही, हानीचे दिवस पांडवांनाही आले तरी. पलीकडे कौरवांचे पाच सेनापती झाले. ते बदल रणाने केले हे खरे. पण भीष्म सेनापती असेपर्यंत कर्णाला दहा दिवस शिबिरात बसून राहावे लागले, हे रणाने केले नव्हते. मला त्याहूनही अस्वस्थ करते ती शल्याची नेमणूक. सारथ्यात तो कृष्णाच्या तोडीचा, म्हणून कर्णाच्या रथावर त्याला बसवले. आणि ऐन रणात त्याने आपल्याच योद्ध्याचे तेज शब्दांनी मालवले. कौशल्य पारखले गेले, मन पारखायचे राहिले. ज्याच्या हाती लगाम द्यायचे त्याची निष्ठा कोणाशी आहे, हा प्रश्न रथाइतकाच जुना आहे.

कीर्तीलाच पात्रता समजण्याचा मोहही तितकाच जुना. 2015 साली मुंबई सिटी या शहरातल्या दुसऱ्या क्लबने निकोला अनेल्का या विख्यात फ्रेंच आघाडीपटूला खेळाडू असतानाच प्रशिक्षकही केले. आठ संघांत क्लब सहावा आला. पुढच्या वर्षी अलेक्झांद्रे गिमाराइश आले आणि तोच क्लब साखळीत अव्वल ठरला. चेंडू कुठे जाईल हे ज्याच्या पायाला कळते, त्याला ते दुसऱ्याच्या पायात उतरवता येईलच असे नाही. गायकाचा गळा आणि गुरूचा कान ही दोन वेगळी दाने आहेत.

देशाच्या संघाबाबतही आपण असेच चाचपडत आलो. जुलै 2024 मध्ये मानोलो मार्केझ यांना भारताचे प्रशिक्षकपद दिले गेले तेव्हा ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि हंगामभर तसेच राहिले. एका माणसाचे लक्ष दोन संसारांत वाटून दोन्ही फुलतील, ही आशा मला तेव्हाही अन्यायाची वाटली. त्या माणसावरही अन्याय करणारी. वर्षभरात, आठ सामन्यांतला एकच जिंकून, ते गेले. 1 ऑगस्ट 2025 रोजी खालिद जमील यांची निवड झाली. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाला भारतीय मुख्य प्रशिक्षक तेरा वर्षांनी मिळत होता. आरंभी ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर हरवून आणि ओमानला पेनल्टींवर नमवून संघाने आशा जागवली. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि आशिया चषकाचे दार मिटले.

म्हणून ही निवड चुकली का? मी तसे मानत नाही. माळ्याची पारख पहिल्या बहरावर होत नाही, आणि जो बांध आधीच खचला होता त्याचे खापर कालच पहाऱ्यावर आलेल्याच्या माथी फोडता येत नाही. माझी तक्रार निराळी आहे आणि ती 2025 ची नसून 2016 ची आहे. आपल्या डोळ्यांदेखत सात वर्षे ज्याने पाणी अडवून धरले त्याची किंमत कळण्यासाठी आपल्याला ऐझॉलच्या डोंगरापर्यंत जावे लागले. आणि तोवर मुंबईत राखण्याजोगे काही उरले नव्हते. लीगमधून बाहेर पडल्यावर त्याच वर्षी, 2017 मध्ये, मुंबई एफसी बंद झाला.