उंबऱ्याबाहेरचे मांजर



भीमेच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दोन्हीकडे ऊस, आणि घरोघरी मांजर. आमची मनी पहाटे माझ्या आधी उठते. मी हरिपाठ म्हणू लागलो की मांडीवर येऊन बसते. गाईची धार काढताना चरवीपाशी शेपटी उभी करून घुटमळते. तिला वाटीभर दूध घातले की मन प्रसन्न होते. वारीला निघताना मात्र तिच्याकडे पाहून पाय जड होतो. मग प्रश्न पडतो, ही भूतदया की मोह?

उत्तर परवा मिळाले. कान फाटलेला एक बोका दारात आला. मी काठी उगारली, तो पळाला. मनीची वाटी तेव्हा भरलेलीच होती. मला नामदेवरायांची कथा आठवली. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. ते कुत्रे काही त्यांनी पाळलेले नव्हते. तुकोबारायांची पालखी आमच्या तालुक्यात यवतला मुक्कामी येते, तेव्हा गावकरी पिठले-भाकरी वाढतात. कोणी कोणाचे गाव विचारत नाही.

मनीवर माया करणे चुकीचे नव्हे. माया घरातच शिकायची असते. पण ती उंबऱ्याशी थांबली तर मोह, उंबरा ओलांडून गेली तर भूतदया.

आता ओट्यावर दुसरी वाटी असते. बोका अजून लांबूनच पाहतो, मी आत गेल्यावर पितो. त्याचे काय चुकले? काठी मीच उगारली होती.